घरभर फिरणारं पुस्तक

आमच्या पिढीच्या घरांत पुस्तकं विकत कमी घेतली गेली आणि वाचली मात्र भरपूर. नोकरी मुंबईत, बिऱ्हाड ठाण्याला, कल्याणला नाहीतर डोंबिवलीला. दोन खोल्या, एक कपाट. कपाटात वर गणपतीचं सामान, खाली शाळेची वह्या-पुस्तकं आणि मध्ये उरलेल्या वीतभर जागेत ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, आजीची ज्ञानेश्वरी आणि शिवण उसवलेले दिवाळी अंक. बाकी सगळं वाचन वाचनालयाचं.

त्या बाबतीत या गावांना काही कमी नव्हतं. रेल्वे १८५४ साली कल्याणला पोचली आणि १८६४ मध्ये तिथे सार्वजनिक वाचनालय उभं राहिलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी. डोंबिवलीत पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे राहत होते, याचा आम्हाला उगीचच घरच्यासारखा अभिमान. पुढे १९८६ साली पै फ्रेंड्स लायब्ररी आली. घरटी एक वर्गणी, तिच्यावर एक पुस्तक आणि एक मासिक.

त्या एका पुस्तकावर सगळं घर जगायचं. सकाळी ते अप्पांच्या रेक्झिनच्या बॅगेतून लोकलने मुंबईला जायचं. बसायला जागा मिळाली तर वाचन, नाहीतर नुसता प्रवास. रात्री जेवणानंतर काका. सुट्टीच्या दिवशी दुपारी, मागचं आवरून झालं की आई. तेव्हा तिला कोणी हाक मारायची नाही, हा घरातला अलिखित कायदा होता. आत्या कल्याणहून आली की तिचा हक्क पहिला. जो तो आपली खूण घालून ठेवी: अप्पांचं वापरून झालेलं कूपन, आईचा लोकरीचा धागा, काकांचं रेल्वेचं जाड पुठ्ठ्याचं तिकीट. खुणा पाहून कोण कुठवर पोचलंय ते कळायचं आणि पुढे गेलेल्याने मागच्याला काही सांगायचं नाही. आम्हा मुलांना ‘मोठ्यांची’ म्हणून मना केलेली पुस्तकंही त्या खुणांच्या मधूनच वाचायला मिळाली. शेवटचं पान फाटलेलं निघालं तर शेवट काय असेल यावर रात्री वाद, आणि शेजारच्या बिऱ्हाडात कोणी वाचलं असेल तर तिथे चौकशी.

म्हणून कागदाच्या वासाची आठवण काढणाऱ्यांशी माझं पुरतं जुळत नाही. वास होता, पण तो वाळवीच्या औषधाचाही होता. माझं मन अडतं ते दुसऱ्या गोष्टीवर. पुस्तक तेव्हा एकट्याचं नसायचं. कोण काय वाचतंय हे सगळ्यांना दिसायचं, आणि त्यातूनच आमच्या आवडी घडल्या. आता भाचा सोफ्यावर तासभर मान खाली घालून बसतो, तेव्हा तो कादंबरी वाचतोय की आणखी काही, हे मला कळत नाही. विचारायचा संकोच वाटतो. पुस्तकाचं मुखपृष्ठ न विचारता सांगून टाकायचं.

तरी पडद्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. २६ जुलै २००५ला वालधुनीचं पाणी आत्याच्या तळमजल्यावर शिरलं आणि कपाटाच्या खालच्या दोन फळ्या गेल्या. गच्चीवर वाळत घातलेली पुस्तकं फुगून कधी मिटलीच नाहीत. तिने आयुष्यभर कागद जपला होता, आज ती फोनवर वाचते आणि म्हणते, “याला पाणी लागलं तरी वाचलेलं वाहून जात नाही.” आईच्या मोतीबिंदूनंतर छापील अक्षर तिला पुरेना. २०१६च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं आली, पुढे आम्ही ते यंत्र घेतलं, आणि अक्षर मोठं करता येतं हे कळल्यावर तिची दुपार तिला परत मिळाली. हे मी कधी विसरणार नाही. तिचं वाचून झाल्यावर मी यंत्र उघडलं की तिचं टपोरं अक्षर आणि तिचं पान समोर येतं. मी तिचं पान तसंच राहू देते.

किंडलवर मराठी पुस्तकं आली त्यानंतरच्या फेब्रुवारीत, २०१७ला, डोंबिवलीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. ग्रंथप्रदर्शनातून आम्ही सगळे पिशव्या भरून बाहेर पडलो. यंत्राच्या गप्पा त्याच पिशव्या हातात धरून चालल्या होत्या.

मुलांच्या ‘किशोर’ मासिकाचा पहिला अंक १९७१च्या नोव्हेंबरात निघाला. बालभारतीने जुने अंक इंटरनेटवर खुले केलेत, हे कळलं त्या रात्री आम्ही भावंडं, तिघं तीन गावांत, फोनवर पानं उलटत जागलो. रद्दीत गेलेलं चित्र पुन्हा दिसलं की काय होतं ते शब्दांत धरता येत नाही. वि. ल. भाव्यांचं ‘महाराष्ट्र सारस्वत’ही असंच पडद्यावर वाचता येतं. पण जुनी पुस्तकं बहुतेक पानांचे फोटो असतात. अक्षर मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते. आईसारख्यांना त्याचा उपयोग नाही, आणि मराठी प्रकाशकांनी आपली जुनी यादी नीट टंकून आणायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

एका गोष्टीचा मात्र राग येतो. नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हयात लेखकांची पुस्तकं पीडीएफ होऊन येतात, खाली नमस्काराचे हात. आमच्या घरात एक पुस्तक साऱ्यांनी वाचलं, पण त्याची वर्गणी महिन्याच्या महिन्याला भरलेली असे, आणि वाचनालयाने ते विकत घेतलेलं असे. पीडीएफ फिरवणं वेगळं आहे. मी ग्रुपवर तसं लिहिलं. दोघांनी पाठवणं थांबवलं, बाकीचे बोलले नाहीत.

घरात एवढं सगळं असताना वाचनालयाची वर्गणी कशाला, असं भाचा परवा विचारत होता. त्याला रविवारी ठाण्याला घेऊन जाते आहे. त्याच्या आजीला एक जुनी कादंबरी हवी आहे, ती यंत्रावर सापडली नाही. बारीक अक्षरातली निघाली, तर रोज दुपारी थोडी थोडी त्यानेच तिला वाचून दाखवायची, असं ठरलंय.