मुंबईची वेळ, मद्रासची वेळ

रेल्वेच्या नियमपुस्तकात एक छोटा नियम आहे. गाड्या केंद्र सरकारने ठरवलेल्या प्रमाणवेळेनुसार चालवाव्यात, आणि ही वेळ रोज दुपारी बरोबर १६.०० वाजता ठरलेल्या पद्धतीने महत्त्वाच्या स्टेशनांना कळवावी. सामान्य माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण ज्याने आयुष्य कंट्रोल ऑफिसात आणि स्टेशन मास्तरच्या खुर्चीत घालवलं, त्याच्या दृष्टीने दिवसातला हा सगळ्यात गंभीर क्षण असतो.

चार वाजायला आले की सेक्शन कंट्रोलर फोनवर स्टेशनांना बोलावून घेई. एरवी या फोनवर अखंड कलकलाट. कुणी मालगाडी कधी सोडणार म्हणून विचारतोय, कुणाला इंजिन हवंय, कुणाकडे फाटकावर बैलगाडी अडकलीय. चारच्या ठोक्याला मात्र सगळे गप्प. कंट्रोलर वेळ सांगे आणि प्रत्येक मास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून काटे जुळवून घेई. पुढे गार्ड ड्यूटीवर निघताना त्या घड्याळावर आपलं घड्याळ लावणार आणि गार्डच्या घड्याळावर ड्रायव्हर आपलं. आता त्यांना ट्रेन मॅनेजर आणि लोको पायलट म्हणतात, पण क्रम तोच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सिझियमच्या अणूंवर मोजली जाणारी वेळ अशी हातोहात एखाद्या आडगावच्या प्लॅटफॉर्मवर पोचते.

एवढ्या काटेकोरपणाचं कारण सरळ आहे. मास्तर शेजारच्या स्टेशनला ‘लाइन क्लिअर’, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, विचारतो, पलीकडचा मास्तर ती देतो आणि खात्रीसाठी प्रायव्हेट नंबर सांगतो. दोघेही तो रजिस्टरात लिहितात आणि त्यापुढे वेळ घालतात. समोरासमोर कधीही न भेटलेल्या दोन माणसांनी एकमेकांना दिलेला हा शब्द असतो, आणि त्यावर हजारो प्रवाशांचे जीव अवलंबून असतात. दोघांची घड्याळं वेगळी असतील तर उद्या चौकशीत त्या शब्दाला काय अर्थ राहील?

निवृत्त झालो तरी दुपारी चारला हात आपोआप घड्याळाकडे जातो. चहाचं आधण ठेवता ठेवता सौ. विचारते, “लागली का वेळ?” तिला मी रोज एखादी जुनी हकीकत सांगतो. त्यातल्या काही आज तुम्हालाही सांगतो, कारण घड्याळातले आकडे आपण फारच गृहीत धरतो.

रेल्वे येण्यापूर्वी प्रत्येक गावाची वेळ वेगळी होती आणि त्यात कुणालाच अडचण नव्हती. सूर्य डोक्यावर आला की दुपार. घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची, ती बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं. अशा साठ घटिकांचं अहोरात्र. लग्नाचे मुहूर्त या वाटीवर बिनबोभाट लागत. एक रेखांश ओलांडायला सूर्याला चार मिनिटं लागतात. त्यामुळे पुणं मुंबईच्या चार मिनिटं पुढे, सोलापूर बारा-तेरा मिनिटं आणि नागपूर तर पंचवीस मिनिटं पुढे. बैलगाडीने मुंबईहून नागपूरला जाणाऱ्याला या पंचवीस मिनिटांचं काय?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी. वेळ दुपारी ३ वाजून ३५ मिनिटं, असं शाळेतल्या मुलालाही पाठ असतं. पण ही वेळ मुंबईच्या सूर्याची होती. आजच्या प्रमाणवेळेच्या मागे मुंबईची स्थानिक वेळ सुमारे ३९ मिनिटं. म्हणजे आपल्या हातातल्या घड्याळाने ती गाडी ४ वाजून १४ मिनिटांनी सुटली! दर वर्षी १६ एप्रिलला साडेतीनच्या सुमारास जे कार्यक्रम होतात, त्यांच्या संयोजकांना हे सांगावंसं मला नेहमी वाटतं. अजून चाळीस मिनिटं थांबलात तर त्या गाडीच्या वेळी सूर्य आकाशात जिथे होता, जवळपास तिथेच तो तुम्हाला दिसेल.

लोहमार्ग लांबत गेले आणि प्रत्येक गावच्या वेळेने गाड्या चालवणं अशक्य झालं. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांची क्रॉसिंग ठरवायची तर घड्याळ एकच हवं. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती, तिथून तारेने वेळ पाठवता येई. शिवाय मद्रासचा रेखांश मुंबई आणि कलकत्ता यांच्या मध्ये पडतो. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ घेतली. ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. घरचं घड्याळ बघून निवांत स्टेशनवर आलेल्या मुंबईकराला गाडीच्या शेवटच्या डब्याची पाठ दिसे.

रेल्वेपुरतं हे लोकांनी चालवून घेतलं. १८८१ मध्ये मात्र गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच) यांनी मुंबईच्या सरकारी कारभारात मद्रास टाइम आणला आणि शहर खवळलं. आमचा सूर्य मद्रासहून का यावा? राजाबाई टॉवरचं घड्याळ तर मोठंच भांडण होऊन बसलं. हा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला होता. विद्यापीठाला घड्याळ मुंबईच्या वेळेवर हवं होतं. सरकारचं म्हणणं, मद्रासची वेळ दाखवत नसेल तर रात्री त्या घड्याळावर लागणाऱ्या दिव्यांचा खर्च आम्ही देणार नाही. एवढं बलाढ्य साम्राज्य आणि भांडण गॅसच्या बिलावर! हे वाचून मी खळखळून हसलो होतो. अखेर १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली.

दुसरी फेरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ रेल्वे आणि तारखात्याने १ जुलै १९०५ पासून घेतली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती देशाची अधिकृत वेळ झाली. मुंबईत याचा सगळ्यात मोठा फटका बसला गिरणी कामगाराला. त्याच्याकडे घड्याळ कुठलं? तो उजेड बघून उठायचा आणि भोंगा ऐकून धावायचा. गिरणीचं घड्याळ ३९ मिनिटं पुढे सरकलं, की तेवढा वेळ आधी, अंधारात घर सोडायचं. त्या जानेवारीत हजारो कामगारांनी काम बंद ठेवलं, दगडफेक केली. बंगालच्या फाळणीने देश आधीच तापलेला होता, त्यामुळे घड्याळाच्या काट्यांतही लोकांना सरकारचा हात दिसला. महापालिकेने मुंबई टाइमच्या बाजूने कौल दिला आणि पुढे जवळजवळ अर्धं शतक या शहरात दोन वेळा सुखाने नांदल्या. स्टेशनात एक, पालिकेच्या घड्याळात दुसरी. लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे ‘स्टँडर्ड टाइम’ असं छापावं लागे, नाहीतर वऱ्हाडी अक्षता पडून गेल्यावर यायचे. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली, मुंबईने १९५५ मध्ये.

रेल्वेचा माणूस असूनही या भांडणात माझं मन मुंबईकरांकडे झुकतं. एक वेळ हवीच होती, त्याशिवाय गाड्या सुरक्षित चालल्या नसत्या, यात मला शंका नाही. पण कामगार किती वाजता उठतो हे कुणी विचारलंच नाही. वटहुकमाने वेळ आणता येते, तिच्यावर विश्वास आणता येत नाही. आमच्या चारच्या फोनवर मास्तर वेळ मुकाट्याने लावून घेत, कारण तिच्यामुळे आपण आणि शेजारचा दोघेही सुरक्षित आहोत हे त्यांना पटलेलं होतं. मुंबईला हे पटवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

वेळांच्या या गोंधळात युद्धानेही भर घातली. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात देशभराची घड्याळं आणखी एक तास पुढे केली होती. तिकडे आसामात सूर्य फार लवकर उगवतो, म्हणून चहाच्या मळ्यांत आजही ‘बागान टाइम’ चालतो, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. मळ्यातला मजूर एका वेळेने कामाला जातो आणि गाडी पकडायला दुसऱ्या वेळेने.

आता एक आजची अडचण. मी एका मोठ्या जंक्शनला रात्रपाळीला असताना एक भलंमोठं कुटुंब बोचकी, ट्रंका आणि बुंदीच्या लाडवांचे डबे घेऊन आलं. गाडी रात्री शून्य वाजून वीस मिनिटांची, तिकिटावर तारीख बारा. बाराच्या रात्री जेवूनखाऊन मंडळी निघाली होती. त्यांची गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती, कारण रेल्वेची बारा तारीख अकराच्या मध्यरात्री सुरू होते. सगळे हवालदिल झाले. पण आजी माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो मास्तर, दिवस उजाडल्याशिवाय तारीख बदलतेच कशी?” मी त्यांना वाकून नमस्कार केला, कारण पंचांगाच्या हिशेबाने आजी शंभर टक्के बरोबर होत्या. आपला वार सूर्योदयाला सुरू होतो. मध्यरात्रीला दिवस बदलतो हे आपण शाळेत शिकलो, पण ‘बाराची रात्र’ म्हटलं की आजही आपल्या मनात बाराच्या दिवसानंतरचीच रात्र येते. त्या सगळ्यांना सकाळच्या पॅसेंजरने वाटेला लावलं. जाताना आजींनी एक लाडू माझ्या हातावर ठेवला. म्हणून सांगतो, तिकिटावर शून्यापासून सुरू होणारी वेळ दिसली तर आदल्या संध्याकाळीच सामान बांधा.

टाइमटेबल वाचणं हा माझा सगळ्यात आवडता विरंगुळा आहे. शिक्षणही भरपूर होतं. एक गंमत तुम्हीही करून बघा. लांब पल्ल्याची कुठलीही गाडी घ्या. मुंबईला येताना कल्याण ते मुंबई तिला किती वेळ दिलाय आणि मुंबईहून जाताना तेवढ्याच अंतराला किती, ते ताडून पाहा. बहुतेक ठिकाणी येतानाचा वेळ जास्त दिसेल. मार्ग तोच, इंजिन तेच. ही जास्तीची मिनिटं म्हणजे ‘रिकव्हरी टाइम’. वाटेत रुळांची दुरुस्ती चालू असते, कॉशन ऑर्डरमुळे गाडी हळू न्यावी लागते, कुठे कुणी साखळी ओढतो. ती तूट भरून काढायला शेवटच्या टप्प्यात राखून ठेवलेला हा वेळ असतो. काही प्रवासी याला लबाडी म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. वाटेत उशीर होणार हे माहीत असून तो हिशेबात न धरणं, ही खरी लबाडी. आणि याच्याच जोडीला दुसरा नियम आहे, जो मला माणुसकीचा वाटतो: कुठलीही प्रवासी गाडी जाहीर केलेल्या वेळेआधी स्टेशनातून सोडायची नाही. आधी आली तर उभी राहील. कंट्रोलर कितीही घाई करो, मास्तर सिग्नल देणार नाही. धापा टाकत जिना चढणाऱ्या माणसाला रेल्वेने दिलेला तो शब्द आहे.

या सगळ्याचा उपयोग काय, असं परवा बागेत एका स्नेह्यांनी विचारलं. त्यांच्याच घरात उपयोग निघाला. त्यांच्या मोठ्या भावाची जन्मवेळ वहीत लिहिलेली, साल १९४३, गाव मुंबई. ती मुंबई टाइमची, युद्धातल्या वाढीव तासाची, की नेहमीच्या प्रमाणवेळेची? त्यांनी हा विचार कधी केलाच नव्हता. पत्रिकेवर विश्वास असो वा नसो, घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याला हे प्रश्न सोडवावेच लागतात. १९५५ आधीच्या मुंबईच्या कागदावर वेळ दिसली की ती कुठल्या घड्याळाची हे आधी विचारा. दवाखान्याच्या दाखल्यावर, आजोबांच्या रोजनिशीत, एखाद्या खटल्याच्या कागदांतसुद्धा.

त्यासाठी जुनी टाइमटेबलं फार मोलाची आहेत. कुठली गाडी कुठल्या साली किती वाजता, कुठल्या वेळेने धावत होती, मधली कुठली स्टेशनं होती जी आता नाहीत, हे त्यांतून कळतं. आणि नवं टाइमटेबल आलं की जुनं रद्दीत, हीच आपली रीत असल्यामुळे ती फार थोडी उरली आहेत. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर एखादं पिवळं पडलेलं टाइमटेबल, वेळ छापलेली लग्नपत्रिका किंवा वडिलांचं रेल्वेतलं घड्याळ सापडलं, तर ते टाकू नका. गावच्या वाचनालयाला द्या किंवा रेल्वेच्या वस्तुसंग्रहालयाला कळवा, आणि देण्यापूर्वी ते कुणाचं, कुठल्या सालचं हे एका चिठ्ठीवर लिहून त्यात ठेवा.