मूळ प्रत कुठे आहे?

इतिहासाच्या अभ्यासकाचा पहिला प्रश्न साधनांविषयी असतो : मूळ प्रत कुठे आहे? हाच प्रश्न बिलोलीच्या आमच्या संगणककक्षात विचारण्याची वेळ येईल, असे वाटले नव्हते.

वसतिगृहातील मुलांनी आर्डुइनो बोर्ड वापरून रोपवाटिकेला पाणी देणारे यंत्र केले होते. मातीतील ओल घटली की मोटार सुरू होई. ती मुले दहावी होऊन गेली. उन्हाळी सुट्टीत संगणक फॉरमॅट झाले. जूनमध्ये नव्या मुलांना ओलाव्याची मर्यादा बदलायची होती. यंत्र चालत होते; पण प्रोग्राम कुठेच नव्हता.

बोर्डातून तो परत काढता येईल, असा मुलांचा समज होता. तसे होत नाही. आर्डुइनो उनोच्या ३२ केबी स्मृतीत जाते ते यंत्रभाषेतील रूपांतर. मुलांनी दिलेली नावे, लिहिलेल्या टिपा त्यात उरत नाहीत. मंदिर उभे असावे आणि शिलालेख मात्र झिजून गेलेला असावा, तशी ही अवस्था. अखेर प्रोग्राम पहिल्यापासून लिहावा लागला.

मग मुलांसोबत बसून हे दफ्तर मी समजून घेतले. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्सच्या आत ‘आर्डुइनो’ नावाचे फोल्डर असते. त्याला स्केचबुक म्हणतात. प्रत्येक प्रोग्राम, म्हणजे स्केच, स्वतःच्याच नावाच्या फोल्डरमध्ये राहते. पेशवे दफ्तरातील कागद जसे रुमालात बांधलेले, तशीच ही मांडणी. बाहेरून आणलेल्या लायब्ररी त्याच स्केचबुकातील ‘लायब्ररीज’ या फोल्डरमध्ये जातात. केवळ स्केच दुसऱ्या संगणकावर नेले आणि त्याला लागणारी लायब्ररी तिथे नसली, तर ‘अशी फाइल नाही’ एवढेच उत्तर मिळते. बोर्डांसाठी लागणारी साधने मात्र वेगळ्या जागी असतात : ‘ॲपडेटा’, त्यात ‘लोकल’, त्यात ‘आर्डुइनो१५’. हे फोल्डर सहसा दिसत नाही, कारण ॲपडेटा लपवलेले असते. उबुंटूमध्ये ते होम फोल्डरमध्ये, नावाआधी टिंब घेऊन दडलेले असते. आपले स्केचबुक नेमके कुठे आहे, हे ‘फाइल’मधील ‘प्रेफरन्सेस’ उघडताच कळते.

या दोन जागांतील भेद महत्त्वाचा आहे. ‘आर्डुइनो१५’मधील सामग्री इतरांनी तयार केलेली, ती पुसली गेली तरी इंटरनेटवरून पुन्हा मिळते. स्केचबुकातील लेखन आपल्या मुलांचे. त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. ज्यांच्या आजी-आजोबांच्या हातचा एकही लिहिलेला कागद घरात नाही, अशा मुलांचे हे लेखन आहे. ते संगणकासोबत पुसले जाणे मला क्षुल्लक वाटत नाही.

आता दहावीचे प्रत्येक मूल शाळा सोडताना स्केचबुकाची एक प्रत पेनड्राइव्हवर नेते आणि दुसरी नाव व वर्ष घालून शाळेच्या कपाटात ठेवते. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाकडे जुनी स्केचे असतील, तर त्यांनी ती अवश्य पाठवावीत. त्या कपाटात त्यांची जागा राखून ठेवली आहे.