चेहरा तोच, माणूस दुसरा

क्लोन केलेल्या हेरांचा स्वस्तातला चित्रपट म्हटला की 'द क्लोन्स ऑफ ब्रूस ली' हे नाव टाळता येत नाही. जोसेफ काँग यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८० साली आला. कुंग-फूपटांचा नट ब्रूस ली २० जुलै १९७३ रोजी वारला. चित्रपटात एक प्राध्यापक त्याच्या मृतदेहातून पेशी काढून घेतो आणि गुप्तचर खात्यासाठी एक सोडून तीन ब्रूस ली तयार करतो. एकाला नट म्हणून सोन्याची तस्करी करणाऱ्या चित्रपटनिर्मात्याकडे धाडले जाते. उरलेले दोघे थायलंडमध्ये माणसांचे कांस्याचे सैनिक बनवणाऱ्या माथेफिरू वैज्ञानिकाच्या मागे लागतात. शेवटी प्राध्यापकाचीच मती फिरते आणि तो तिघांना एकमेकांवर सोडतो. तिन्ही क्लोन तीन निराळ्या नटांनी रंगवले आहेत. त्यांचे चेहरे आपसांतही जुळत नाहीत, मग मूळ माणसाशी जुळणे दूरच. क्लोन करण्याची प्रयोगशाळा म्हणजे थोडे दिवे, थोड्या तारा आणि आडवे झोपवलेले नट.

वाईट चित्रपटाचा एक उपयोग असतो. चांगल्या चित्रपटात कारागिरी झाकलेली राहते. वाईट चित्रपटात सगळे टाके दिसतात. त्यामुळे एखादी कल्पना पडद्यावर का येते आणि तिथे तिचे काय होते, हे अशाच चित्रपटातून नीट समजते. हुबेहूब माणसाची कल्पना गरीब निर्मात्याला आवडते, कारण ती पैसे वाचवते. एका नटाच्या मानधनात दोन पात्रे मिळतात. जुन्या पद्धतीत कॅमेऱ्यासमोरची अर्धी चौकट झाकून एक बाजू चित्रित करत, फिल्म मागे गुंडाळत आणि दुसरी बाजू झाकून त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करत. कॅमेरा जागचा हलला की मधली रेघ उघडी पडे. तेवढाही वेळ नसला तर दुसऱ्या पात्राच्या जागी पाठमोरा माणूस उभा करून भागवत. भारतीय पडद्यावर याची सुरुवात फार लवकर झाली. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ सालच्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. तिथे कारण काटकसरीचे नव्हते. पडद्यावर यायला स्त्रिया सहसा तयार नसत आणि साळुंके दोन्ही वेषांत शोभत होते.

मुंबईच्या हिंदी चित्रपटात हेर आणि हुबेहूब माणूस यांची गाठ पुढे अनेकदा पडली. रविकांत नगाइच हे मुळात ट्रिक फोटोग्राफीतले जाणकार. १९६७ साली त्यांनी जितेंद्रला घेऊन 'फर्ज' केला आणि १९७९ साली मिथुन चक्रवर्तीला घेऊन 'सुरक्षा'. 'सुरक्षा'त गनमास्टर जी-नाइन हा हेर एका गुप्त संघटनेशी लढतो आणि ही संघटना शस्त्रक्रियेने चेहरा बदललेला माणूस सरकारी अधिकाऱ्याच्या जागी बसवते. १९८१ सालच्या 'वारदात'मध्ये तोच हेर पिके फस्त करणाऱ्या टोळांच्या मागे जातो. या चित्रपटांतले विज्ञान लुकलुकणारे दिवे आणि बटणे यांच्यापुरतेच आहे. शस्त्रक्रिया झाली की बँडेज सुटते, आतून नवा चेहरा येतो आणि त्या चेहऱ्याबरोबर मूळ माणसाचा आवाज, चाल, सही आणि ओळखीपाळखीही आपोआप येतात. हाच या प्रकारातला सर्वांत मोठा दोष आहे आणि त्याचा पैशांशी काही संबंध नाही.

मराठी माणसाला हा दोष चटकन दिसायला हवा, कारण त्याच्या इतिहासात खराखुरा तोतया होऊन गेला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. या शंकेवर एक कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून उभा राहिला. १७७६ साली तो रत्नागिरीच्या कैदेतून बाहेर पडला, त्याने फौज जमवली आणि कोकणातले किल्ले घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. या प्रकरणात चेहऱ्याचे साम्य ही केवळ सुरुवात होती. तो माणूस इतका पुढे गेला तो लोकांच्या आशेमुळे आणि पुण्याच्या कारभाऱ्यांवर नाराज असलेल्यांच्या सोयीमुळे. भाऊ असणे म्हणजे भाऊंचे नाक असणे नव्हे. भाऊंनी पाहिलेले, ऐकलेले, भोगलेले सगळे त्या माणसात असायला हवे होते. चांगला लेखक तोतयाची कथा इथून सुरू करतो. स्वस्त हेरपट ती नाकापाशीच संपवतो.

हेरपटांच्या आधी तोतयांच्या आणि वेषांतराच्या गोष्टी छापील रहस्यकथांनी सांगितल्या आणि त्यांतले सर्वांत मोठे मराठी नाव विरारच्या पश्चिमेकडच्या अर्नाळा या किनाऱ्यावरच्या गावाचे आहे. चंद्रकांत सखाराम चव्हाण यांचा जन्म ९ जून १९०६ रोजी झाला. लेखनासाठी त्यांनी बाबूराव अर्नाळकर हे नाव घेतले आणि हजारावर रहस्यकथा लिहिल्या. काळापहाड, झुंजार, धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू ही त्यांची पात्रे घरोघरी माहीत होती. पुस्तके छोटी, कागद साधा, किंमत सामान्य वाचकाच्या खिशाला परवडणारी. वेषांतर, दाढीमिशा, बदललेला आवाज, काळोखातली मोटार आणि ऐनवेळी उघडा पडणारा चेहरा हा या कथांचा जीव. एवढ्या संख्येने लिहायचे तर साचा लागतोच. समीक्षकांनी या पुस्तकांना साहित्यात धरले नाही आणि वाचकांनी समीक्षकांची वाट पाहिली नाही.

अर्नाळकरांच्या अनेक कथा इंग्रजी रहस्यकथांवर बेतलेल्या होत्या, हे कधी लपून राहिले नाही. म्हणजे ती एका अर्थाने प्रतिरूपेच. तरीही वाचकाला ती परकी वाटली नाहीत. कथानकाचा सांगाडा लंडनचा असला तरी त्यावर मांस चढले ते मुंबईचे. माणसे मराठी बोलत, मराठी घरात वाढलेली असत, त्यांच्या लाजेच्या आणि अभिमानाच्या जागा मराठी असत. त्यांच्या कथांतला श्रीमंताकडून घेऊन गरिबाला देणारा लुटारू इंग्रजीतही होता. पण परकीय सत्तेखाली आणि नंतर टंचाईच्या दिवसांत मुंबईच्या चाळीत तो वाचला गेला, तेव्हा त्याच्या साहसाला वेगळे वजन आले. सांगाडा उसना घेतला म्हणून माणूस उसना राहतोच असे नाही, याचे इतके मोठे उदाहरण मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

अर्नाळकरांचे निधन ५ जुलै १९९६ रोजी झाले. त्याच दिवशी स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये डॉली नावाची मेंढी जन्मली. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मात्र वेषांतराच्या कथांचा मराठीतला सर्वांत मोठा लेखक गेला, त्या दिवशी प्रौढ प्राण्याच्या पेशीतून हुबेहूब जीव घडवण्याची गोष्ट कल्पनेतून प्रयोगशाळेत आली, एवढे तारखेपुरते खरे आहे.

डॉली कशी झाली हे पाहिले की हेरपटांची गंमत आणखी कळते. इयन विल्मट आणि कीथ कॅम्पबेल यांच्या गटाने सहा वर्षांच्या फिन डॉर्सेट जातीच्या मेंढीच्या स्तनातील पेशी घेतली. दुसऱ्या मेंढीच्या बीजांडातले केंद्रक काढून टाकले, विजेच्या स्पंदाने पेशी आणि बीजांड जोडले आणि तयार झालेला भ्रूण स्कॉटिश ब्लॅकफेस जातीच्या मेंढीच्या गर्भाशयात वाढवला. अशी २७७ बीजांडे जोडली गेली, त्यांतून २९ भ्रूण मिळाले आणि एकच कोकरू जन्मले. भारतात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये समरूपा ही म्हशीची क्लोन केलेली रेडी जन्मली आणि काही दिवसांतच दगावली. त्याच वर्षी जूनमध्ये जन्मलेली गरिमा मात्र जगली. क्लोन म्हणजे जन्माला येणारे पिल्लू असते. हेराची क्लोन केलेली प्रत गुप्तचर खात्याला हवी असेल तर खात्याला आधी बाळंतपण करावे लागेल, मग पाळणा हलवावा लागेल आणि शाळेची फी भरत पंचवीस वर्षे थांबावे लागेल. एवढे करूनही तो मुलगा हेर होईलच याची खात्री नाही. त्याला कदाचित गाणे शिकायचे असेल.

शरीराचे साम्यही पुरते येत नाही. डिसेंबर २००१ मध्ये टेक्सासमध्ये सीसी नावाची पहिली क्लोन केलेली मांजर जन्मली. तिची मूळ मांजर रेनबो तीन रंगांची होती. सीसीच्या अंगावर नारिंगी रंग आलाच नाही. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद असते आणि या मांजरांच्या केसांचा रंग त्यावर ठरतो. मूळ जनुके तीच असूनही अंगावरचा नकाशा बदलला. आठवणींचा तर प्रश्नच येत नाही, कारण त्या जनुकांत साठत नाहीत. हेराची सारी किंमत मात्र तिथेच असते: त्याला कोण ओळखते, कोणत्या दारावर किती थापा द्यायच्या, कोणावर विश्वास ठेवायचा नाही. क्लोन हेराला यातले काहीच ठाऊक नसते. त्याला शत्रूच्या गोटात पाठवणे म्हणजे अनोळखी मुलाला वडिलांचा कोट घालून पाठवणे.

मग स्वस्त चित्रपट वाईटच असतो का? मालेगावचे उत्तर वेगळे आहे. यंत्रमागाच्या त्या गावात शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. मूळ 'शोले'मध्ये डाकू घोड्यांवरून येतात. मालेगावात ते सायकलींवरून येतात. पुढे तिथे सुपरमॅनही आला, तो काटकुळा आणि यंत्रमागावर राबणारा. त्या सुपरमॅनपटाची घडण फैजा अहमद खान यांच्या २००८ सालच्या माहितीपटात दिसते. इथेही नक्कलच आहे, खर्च तर ब्रूस लीच्या क्लोनपटापेक्षा किती तरी कमी. पण सायकल दिसताच गाव दिसते, गावाची ऐपत दिसते, आणि त्या ऐपतीवर हसण्याची गावाची तयारी दिसते.

'द क्लोन्स ऑफ ब्रूस ली'मध्ये नेमकी हीच गोष्ट नाही. तिथे मेलेल्या माणसाचे नाव आहे, त्याच्यासारखे हातवारे आहेत, आणि ती नक्कल कुठल्याही मातीत वाढलेली नाही. तिन्ही ब्रूस एकदाही आपण कोण आहोत असे विचारत नाहीत. त्यांना तयार करणाऱ्यांनाही तो प्रश्न पडत नाही. डॉली कोणत्या गर्भाशयात वाढली, तोतयाला कोणी फौज दिली, अर्नाळकरांचा लुटारू कोणत्या चाळीत वाचला गेला, याला जसे उत्तर आहे तसे उत्तर त्या तीन ब्रूसना नाही. क्लोनिंगवरच्या चित्रपटाला विज्ञान थोडे कमी असले तरी चालते आणि पैसा त्याहून कमी असला तरी चालतो. प्रत जिथे वाढते तिथली होते, एवढे मात्र त्याला ठाऊक असावे लागते.