आई आलं होतं

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरांतून अजून तेलुगूच बोलतात. तेलंगणातून पद्मशाली विणकर इथे येऊन कित्येक पिढ्या झाल्या, पण चुलीजवळची भाषा बदलली नाही. तेलुगूत ‘वच्चिंदि’ म्हणजे ‘ती आली’ आणि ‘ते आलं’सुद्धा. म्हणून आमच्याकडची मुलं मराठीत ‘आई आलं होतं’ असं बोलून जातात. शाळेत हशा पिकतो. पुढे हीच मुलं कॉलेजच्या वर्गात तोंड उघडत नाहीत.

मी पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवते. असंघटित क्षेत्रावर तोंडी परीक्षा होती. माझ्याच गल्लीतली मुलगी मान खाली घालून बसली. तिची अम्मा कारखान्यातून पान-तंबाखू आणून घरी विड्या वळते. तपासणीत काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडतात, त्यांची मजुरी बुडते. १९६६च्या विडी कामगार कायद्याने अशा घरी बसून राबणाऱ्या बायकांनाही कामगार मानलं होतं. पुस्तकातला हा धडा ती रोज घरात बघते, पण तिच्या नावापुढे गुण पडणार होते शून्य.

मी म्हटलं, “तेलुगूत सांग.” ती सलग पाच मिनिटं बोलली.

संविधानातलं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकवण्याची सोय करायला सांगतं, पण फक्त प्राथमिक शाळेपुरतं. २००४मध्ये एका जिल्ह्यासाठी स्थापन झालेल्या आमच्या विद्यापीठात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं येतात. त्यांच्यासाठी काही करायचं तर ते वर्गातच करावं लागतं.

आता माझ्या तासाला आधी आपापल्या भाषेत गटचर्चा होते, मग मराठीत मांडणी. तोंडी परीक्षेत गुण मुद्द्याला. ‘आलं’ की ‘आली’ यावरून कापायचे नाहीत. एक सहकारी म्हणाले, “मॅडम, उद्या मुलाखतीत यांचं कसं होणार?” त्यांची काळजी खोटी नाही. म्हणून भाषेचा सराव आठवड्यातून एकदा वेगळा घेते. तिथे चुका दुरुस्त करायच्या, हसायचं नाही.

परवा ती मुलगी नगावर मिळणाऱ्या मजुरीबद्दल बोलत होती, अडखळत, मराठीत. बार्शीकडच्या एका मुलाने मध्येच विचारलं, “छाट म्हंजे काय गं?” तिने सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं.