ओलिताची वेळ

दसरा तोंडावर आलाय आणि पावसाने पाठ फिरवलीय. आमच्या वऱ्हाडातली बहुतेक कपाशी कोरडवाहूच. ओलिताची सोय असलेले थोडे. पण विहिरीला पाणी आहे म्हणून ते केव्हाही सोडायचं नसतं. आज ओळीलगत वीतभर उकरून माती मुठीत दाबली. गोळा झाला, पण बोटाने हलवताच फुटला. म्हणजे आता ओलीत हवं.

पाते लागताना, फुलोऱ्यात आणि बोंडं भरताना कपाशीला पाण्याचा ताण सोसवत नाही. पाते, फुलं गळतात, बोंडं बारकी राहतात. उलट लांबलेल्या ताणानंतर भरमसाट पाणी दिलं, की हिरवीगार झाडं बघता बघता माना टाकतात. आकस्मिक मर ती हीच. काळ्या जमिनीत मुळांना हवाही लागते. म्हणून एक आड एक सरी, तेही हलकंच. वीज रात्रीची असली तरी दांडावर उभं राहावं. मोटार लावून घरी झोपणं मला पटत नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो: डिसेंबरनंतर फरदडीसाठी, म्हणजे संपत आलेलं पीक लांबवायला, पाणी देऊ नका. चार बोंडांच्या लोभात गुलाबी बोंडअळीची साखळी पुढच्या हंगामापर्यंत चालू राहते, आणि शेजाऱ्याचं शेतही त्यात जातं.