ऐरोलीच्या खाडीकाठी

मुंबईकराला खाडी म्हटली की नाकाला रुमाल लावायची सवय. गाडी पुलावर आली की तो वर्तमानपत्रात डोके खुपसतो आणि पूल संपला की वर काढतो. अशा गृहस्थाला हाताला धरून ऐरोलीला न्यावे असे मला फार वाटते. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या गाडीने ऐरोलीला उतरावे, रिक्षा करावी आणि खाडीकाठी वनखात्याने उभारलेल्या 'किनारी व सागरी जैवविविधता केंद्रा'त शिरावे. नाव भारदस्त असले तरी बिचकू नका. आत शाळकरी पोरे बागडत असतात आणि आजोबामंडळी सावकाश फिरत असतात.

काठाने तिवरांची दाटी. या झाडाचा संसार मोठा नवलाचा! चिखलात जीव घुसमटतो म्हणून ते बोटाएवढ्या मुळ्या वर काढून हवा घेते, आणि अंगातले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. खाली निवट्यांची धांदल. जातीने मासा, पण चिखलावर खुशाल उड्या मारतो. शेजारी एक चिमुकला खेकडा आपली अवाढव्य नांगी हलवून मादीला खुणावत असतो.

खरी मौज होडीत. भरती-ओहोटीचे गणित जमेल तेव्हाच ती निघते. हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत येथे हजारो रोहित पक्षी उतरतात. त्यांत थोरला आणि धाकटा अशा दोन जाती. धाकटा रोहित मान लववून, चोच उलटी करून पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, आणि त्यातल्याच रंगद्रव्याने त्याच्या पिसांवर गुलाबी चढते. म्हणजे ज्या काळ्या चिखलाला आपण नाके मुरडतो, त्याचीच ही सारी श्रीमंती!

२०१५ साली खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग अभयारण्य झाला. २०२२ साली ठाण्याच्या खाडीला 'रामसर' पाणथळीचा आंतरराष्ट्रीय मानही मिळाला. पण चिखलाची पट्टी हळूहळू बुडू लागली, तशी मी होडीवाल्यांना विचारले, "नाखवा, पाणी चढलं की हे जातात कुठं?"

"नेरूळकडच्या तळ्यांवर. चिखल बुडाला की उभं राहायला जागा नको का, साहेब?"

त्या साध्या उत्तरात सगळी अडचण आली. ती तळी अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत आणि पक्ष्यांना रेषा वाचता येत नाहीत. जेवणघरावर पहारा बसवला, पण विश्रांतीची खोली वाऱ्यावर सोडली, तर पाहुणा राहणार कसा? तळ्यात भरतीचे पाणी येण्याची वाट बुजली की तळे सुकते. सुकलेले तळे म्हणजे शहराला मोकळा भूखंडच. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला विमानाच्या धडकेने तीसांहून अधिक रोहित मेले, तेव्हा कुठे पुष्कळांना कळले की आपल्या डोक्यांवरून यांचीही ये-जा चालते.

तेव्हा वाचकहो, दिवाळी उरकली, थंडी पडली आणि रोहित आल्याची वार्ता कानी आली की मुलांना घेऊन ऐरोलीला जाच. शिदोरी न्या, दुर्बीण असली तर न्या, कचरा मात्र परत आणा. आणि पुढे एखादे दिवशी भरतीची वेळ पाहून नेरूळच्या तळ्यांवरही चक्कर टाका. चार माणसे कौतुकाने जिथे बघत उभी असतात, तिथे भरावाची मालमोटार रिकामी करणाऱ्याचा हात जरा तरी अडखळतो.