पंधरा किलोत समुद्र

स्कूबा डायव्हिंग हा छंद पाण्यात कमी आणि वजनकाट्यावर जास्त चालतो, असं माझं हल्ली ठाम मत झालंय. पाण्याखाली काय, पंचेचाळीस-पन्नास मिनिटं. पण त्याआधी किमान दोन संध्याकाळी सामान तोलण्यात, पुन्हा काढण्यात आणि पुन्हा भरण्यात जातात. त्यात आपण पडलो पुणेकर. म्हणजे समुद्र लांब आणि जास्तीच्या किलोचे पैसे भरायची तयारी शून्य!

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सगळं तिथे भाड्याने मिळतंच की. मिळतं, अगदी खरं आहे. तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली गेलो तेव्हा पोहायची चड्डी सोडून माझं स्वतःचं काहीच नव्हतं. पण पुढे रीतसर कोर्स केला, डायव्ह वाढत गेल्या, तसं एकेक जाणवायला लागलं. भाड्याचा मास्क नेमका आपल्याच नाकापाशी गळतो. भाड्याच्या फिन्स टाचेला चावतात. आणि ज्या यंत्रातून वीस मीटर खाली श्वास घ्यायचाय, त्याची सर्व्हिसिंग कधी झाली हे आपल्याला माहीत असलेलं बरं. मग एका बोनसमध्ये रेग्युलेटर आला, पुढच्या बोनसमध्ये बीसीडी, म्हणजे ते हवा भरायचं जाकीट. (मातोश्रींच्या मते त्याच पैशात एक तोळा तरी आलं असतं. असो.)

यंदा अंदमानचा बेत ठरला. पुण्याहून चेन्नई, तिथून पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम), मग बोटीने हॅवलॉक (२०१८ पासून स्वराज द्वीप). मी आणि कॉलेजपासूनचे एक मित्रवर्य. देशांतर्गत स्वस्त तिकिटावर साधारणपणे चेक-इनला १५ किलो आणि केबिनला ७ किलो मिळतात. सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडलं. स्वयंपाकघरातला काटा आणि सामान लटकवून तोलायचा काटा, दोन्ही कामाला लावले. आकडे असे निघाले:

बीसीडी – ३.२ किलो
रेग्युलेटर, ऑक्टोपस आणि गेजसकट – ३ किलो
फिन्स आणि बूट – ३.१ किलो
३ मिमी वेटसूट – १.८ किलो
मास्क आणि स्नॉर्कल – ०.५ किलो
डाइव्ह कॉम्प्युटर आणि टॉर्च – ०.६ किलो
सुरी आणि पृष्ठभागावर सोडायचा फुगा – ०.५ किलो

एकूण १२.७. वरून चाकांची बॅग, तिचंच वजन ३.६! म्हणजे एक बनियनसुद्धा न भरता १६.३ किलो. मातोश्री शेजारी उभ्या होत्याच. म्हणाल्या, "आणि सिलिंडर कुठे ठेवणार?"

आई, सिलिंडर तिथेच देतात. भरलेला म्हणजे साधारण २०० बार दाबाची हवा, तो विमानात नेऊच देत नाहीत. रिकामा न्यायचा तर व्हॉल्व्ह काढून, आतलं दिसेल असा उघडा ठेवून, एअरलाइनला आधी विचारून. पण नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामाच चौदा किलोच्या आसपास भरतो. तो नेला तर बाकीच्या प्रवासाला मी आणि एक रुमाल. कमरेला लावायची शिशाची वजनंही तिथेच मिळतात. पैसे मोजून शिसं उडवत नेण्यात काही अर्थ नाही.

तर पहिला निर्णय, चाकांची बॅग रद्द. १.४ किलोची साधी कापडी डफल घेतली. दुसरा निर्णय, केबिनमध्ये काय आणि पोटात काय. माझा नियम सोपा आहे. जे हरवलं तर डायव्हच होणार नाही किंवा जे नाजूक आहे, ते हातात. म्हणजे रेग्युलेटर, मास्क, कॉम्प्युटर, टॉर्च. हे ४.१ किलो आणि पाठीवरची सॅक ०.९, झाले बरोब्बर ५. बाकी सगळं चेक-इनला, डफल धरून १० किलो. उरलेल्या पाच किलोत कपडे आणि मित्रवर्यांसाठी बाकरवडी. अंदमानात कपडे लागतात किती? फिन्सच्या पायाच्या खोबणीत मोजे आणि चार्जर कोंबायचे, बीसीडी सपाट करून तळाला, वेटसूट घडी न घालता गुंडाळून भोवती. सुरी चुकूनही केबिनमध्ये नाही, हे सांगायला नकोच.

बॅटरीचं मात्र नीट सांगतो, कारण गडबड तिथेच होते. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक नेहमी केबिनमध्ये, चेक-इनला कधीच नाही. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० मध्ये एअरलाइनची लागते. हिशोब सातवीतला आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणली की ७४ वॉट-अवर. टॉर्चमधल्या एका सेलचे जेमतेम बारा-तेरा. डाइव्ह टॉर्चची आणखी एक गंमत म्हणजे तिची रचनाच पाण्याने थंड होईल अशी असते. कोरड्या बॅगेत चुकून चालू झाली तर ती भाजून काढते. म्हणून सेल बाहेर, टोकांना चिकटपट्टी, टॉर्च वेगळी.

हे नियम बाबूगिरी वाटतात, पण त्यामागे राख आहे. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईजवळ एक मालवाहू ७४७ आगीमुळे कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. सामानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. केबिनमध्ये बॅटरी पेटली तर निदान दिसते, पाणी ओतता येतं. खाली सामानात पेटली तर तिथला आग विझवणारा वायू लिथियमची ती साखळी थांबवेलच असं नाही.

एअरपोर्टवर अपेक्षेप्रमाणे एक्स-रेपाशी सॅक बाजूला काढली गेली. नळ्या, धातूचे गोळे, घड्याळासारखं काहीतरी. साहेबांनी उचलून विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "सर, साँस लेने का मशीन." त्यांनी माझ्या मागे पाहिलं आणि अगदी काळजीने विचारलं, "मरीज कौन है?" मी मित्रवर्यांकडे बोट दाखवलं. :-)

इथवरचं सगळं एक्सेलमध्ये बसणारं होतं. खरा प्रश्न परतीचा होता.

खोल पाण्यात दाब वाढतो. वीस मीटरवर तो जमिनीवरच्या तिप्पट असतो आणि त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात, पेशींत विरघळत जातो. वर आल्यावर तो लगेच जात नाही, हळूहळू निघतो. गोटी सोडा आठवा. बाटली बंद आहे तोवर आत एक बुडबुडा दिसत नाही, गोटी दाबली की फसफस. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या इतका ठेवतात, म्हणजे जमिनीवरच्या पाऊण-ऐंशी टक्के. डायव्ह करून लगेच विमानात बसणं म्हणजे आपल्याच अंगातली गोटी दाबणं. बुडबुडे सांध्यात अडकले तर दुखणं, पाठीच्या कण्यात किंवा मेंदूत अडकले तर अर्धांगापर्यंत मजल. त्यावर इलाज रिकम्प्रेशन चेंबरचा आणि तो तीस हजार फुटांवर एअर होस्टेसकडे मागून मिळत नाही.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या २००२ सालच्या शिफारशी आजही प्रमाण मानल्या जातात. एकच साधी डायव्ह केली असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास थांबा. अनेक डायव्ह किंवा अनेक दिवस डायव्हिंग असेल तर किमान १८ तास. खाली डिकम्प्रेशनचे थांबे घ्यावे लागले असतील तर १८ पेक्षा बरंच जास्त. पुष्कळ जण सरळ २४ धरतात. याच शिफारशी दोन हजार फुटांच्या वरच्या उंचीला लागू आहेत, त्यामुळे कोकणात खोल डायव्ह मारून संध्याकाळी गाडीने घाट चढणाऱ्यांनीही घड्याळ बघावं.

तीन दिवस डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज असं मनसोक्त फिरलो. चौथ्या दिवशी सकाळी शेवटची डायव्ह, दहाला बाहेर. पाचव्या दिवशी दुपारी साडेबाराचं विमान. साडेसव्वीस तास, उत्तम. पण चौथ्या दिवशी सकाळी मित्रवर्यांना कळलं की आज संध्याकाळी नाईट डायव्ह आहे. सातला बाहेर.

सात ते साडेबारा म्हणजे साडेसतरा तास.

"अर्ध्या तासाने काय आभाळ कोसळतंय?" मित्रवर्य म्हणाले. डायव्ह सेंटरच्या फॉर्मवर परतीच्या विमानाची वेळ लिहावी लागते. "दोनचं लिहू ना. कोण तिकीट बघतंय?"

मी नाही म्हटलं. आता गंमत अशी की डायव्हिंगमध्ये जोडीदार लागतो आणि त्याचा जोडीदार मी होतो. म्हणजे माझं "नाही" फक्त माझ्यापुरतं नव्हतं. त्याने दोन वर्षं रजा साठवली होती आणि पुन्हा कधी येणं होईल कुणास ठाऊक. तो म्हणाला, "तू ऑफिसात रिलीजच्या आदल्या रात्री कोड ढकलतोस, तेव्हा कुठे जातात हे नियम?" मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, "तिथे रोलबॅक असतो."

खरं सांगायचं तर ती डायव्ह केली असती तर बहुधा काहीच झालं नसतं. साडेसतरावर आजार आणि अठरावर आरोग्य अशी रेघ शरीरात कुणी आखलेली नाही. तो शक्यतेचा खेळ आहे. पण समोरच्या माणसाने खोटा आकडा वाचून आपल्याला पाण्यात सोडायचं, हे मला पटेना. अर्धा तास एकवेळ सोडला असता, तो आकडा नाही.

दुपारच्या बोटीवर मित्रवर्य खिडकीकडे तोंड करून बसले. दोन तास चकार शब्द नाही. पोर्ट ब्लेअरला खोलीवर पोचल्यावर बीसीडी पंख्याखाली टांगले, आतलं पाणी निथळवलं. ओल्या सामानाचं वजन सहज किलो-दोन किलोने वाढतं, त्यामुळे शेवटचा कोरडा अर्धा दिवस बॅगेलाही हवाच असतो. संध्याकाळी सेल्युलर जेलचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम पाहिला. सावरकरांचं शाळेच्या पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या कोठड्यांच्या रांगेसमोर अंधारात बसणं वेगळं. बाहेर पडल्यावर दोघंही गप्पच होतो, पण ते गप्प बसणं बोटीवरचं नव्हतं. रस्त्यावर मित्रवर्यांनी कांदाभजी घेतली आणि न बोलता अर्धी प्लेट माझ्याकडे सरकवली.

मग भजी खाता खाता म्हणाले, "पुढच्या वेळी परतीचं तिकीट मी काढणार. संध्याकाळचं."

पोर्ट ब्लेअरहून संध्याकाळचं मिळालं तर उत्तमच. पण मूळ मुद्दा त्याने पकडला होता. डायव्हिंगचं पॅकिंग बॅगेपासून नाही, परतीच्या तिकिटापासून सुरू होतं. ते आधी काढा, तिथून उलटं २४ तास मोजा आणि मग काय ते फिन्समध्ये मोजे कोंबा.